मेन्यूमधली 'तुम्ही इथे आहात' ही खूण

मुखपृष्ठावरून रीतसर आत येणारा वाचक आता कमीच. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेल्या लिंकवर बोट टेकवलं किंवा गूगलच्या यादीतली एखादी ओळ उघडली, की माणूस थेट वेबसाइटच्या कुठल्या तरी आतल्या पानावर उतरतो. समजा, समोर पीक विम्याचं पान आहे. ते कोणत्या विभागात येतं? त्याच्या शेजारी आणखी काय आहे? अर्ज कुठे मिळेल, जुनी परिपत्रकं कुठे आहेत? वरच्या पट्टीत सहा शब्द ओळीने मांडलेले असतात: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, योजना, शासन निर्णय, छायाचित्रे, संपर्क. त्यातला 'योजना' हा शब्द ठळक असेल आणि त्याखाली जाडसर रेघ असेल, तर आपण कोणत्या दालनात उभे आहोत हे वाचकाला एका नजरेत कळतं. सहाही शब्द एकसारखे दिसत असतील, तर ती पट्टी नुसती यादी होऊन बसते.

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या बोलण्यात याला 'मेन्यू ॲक्टिव्ह दाखवणं' म्हणतात. काम दिसायला किरकोळ आहे, आणि म्हणूनच ते शेवटच्या दिवसावर ढकललं जातं. खरं तर ही खूण म्हणजे वेबसाइटने वाचकाला केलेलं एक विधान आहे: तुम्ही आत्ता अमुक ठिकाणी आहात. हे विधान खरं असायला हवं आणि ते प्रत्येकापर्यंत पोचायला हवं. या दोन अटी पाळताना किती बारकावे सांभाळावे लागतात, हे आत शिरल्याशिवाय ध्यानात येत नाही.

इमारतींमध्ये, बागांमध्ये, स्टेशनांवर लावलेल्या 'तुम्ही इथे आहात' छापाच्या नकाशांवर मार्व्हिन लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1982 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. नकाशावर नुसता ठिपका देऊन भागत नाही, हा त्याचा एक महत्त्वाचा मुद्दा. कागदावरचं चित्र आणि समोरची जागा यांची सांगड घालायला माणसाला किमान दोन बिंदू दोन्हीकडे ओळखू यावे लागतात. ठिपका हा एक झाला. दुसरा एखादा जिना, दरवाजा किंवा खांब, जो नकाशातही आहे आणि डोळ्यांसमोरही. वेबसाइटलाही हे लागू पडतं. मेन्यूतला ठळक शब्द हा पहिला बिंदू, पानाच्या माथ्यावरचं शीर्षक हा दुसरा. मेन्यूत 'योजना' ठळक आहे आणि पानावर मोठ्या अक्षरांत 'कल्याणकारी उपक्रम' लिहिलंय, तर खूण असूनही वाचक क्षणभर अडखळतो. आपण दाबलं एक आणि उघडलं दुसरंच की काय, असं त्याला वाटतं.

स्टीव्ह क्रग यांचं 'डोन्ट मेक मी थिंक' हे पुस्तक 2000 साली आलं आणि वेबसाइट बनवणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. दुकानात हिंडताना आपण किती आत आलो, कुठल्या बाजूला वळलो हे शरीराला आपोआप कळत असतं. वेबसाइटवर ना आकाराचा अंदाज येतो, ना दिशेचा, ना जागेचा, असं क्रग सांगतात. म्हणून ती उणीव मेन्यूने भरून काढायची. त्यांची तक्रार मात्र डिझायनर मंडळींना झोंबणारी आहे: ही खूण बहुतेक ठिकाणी फारच हलकी असते. नाजूक छटा डिझायनरला सुंदर दिसतात, पण घाईत असलेल्या वाचकाच्या नजरेतून त्या निसटतात. म्हणून रंगही वेगळा आणि अक्षरही ठळक, असे दोन-दोन फरक एकदम करा, असा त्यांचा सल्ला आहे. पंचवीस वर्षांनंतरही तो तितकाच पटतो.

आता एक साधा प्रश्न. आपण कुठल्या पानावर आहोत हे ब्राउझरला माहीत असतंच, पत्ता त्याच्याच पट्टीत लिहिलेला असतो. मग त्या पानाकडे नेणारी लिंक तो स्वतःहून वेगळी का दाखवत नाही? भूतकाळ तर तो दाखवतो. न उघडलेली लिंक निळी आणि उघडून झालेली जांभळी, हा रिवाज 1990 च्या दशकातल्या मोझॅक ब्राउझरच्या काळापासूनचा. त्या जांभळ्या रंगाची काळी बाजूही पुढे उघड झाली. एखादी वेबसाइट आपल्या पानावर शेकडो लिंका लपवून ठेवायची आणि कुठल्या लिंकचा रंग बदलला हे तपासून पाहुणा कुठे कुठे फिरून आलाय ते ताडायची. 2010 मध्ये मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी यावर तोडगा मांडला. तेव्हापासून उघडलेल्या लिंकचा फक्त रंग बदलता येतो, आणि तो रंग कोणता हे एखाद्या स्क्रिप्टने विचारलं तर ब्राउझर खरं उत्तर देत नाही. 2025 मध्ये क्रोमने आणखी एक कुंपण घातलं: ज्या साइटवरून लिंक उघडली असेल, त्याच साइटवर ती उघडलेली म्हणून रंगते.

वर्तमान दाखवण्याची सोय मात्र अशी तयार मिळालीच नाही. सीएसएस ही वेबपानांची सजावट लिहिण्याची भाषा. तिच्या 'सिलेक्टर्स' या भागाच्या चौथ्या पातळीच्या मसुद्यात 'लोकल-लिंक' नावाचा एक नियम सुचवला गेला. लिंक जर याच पानाकडे नेत असेल तर तिला वेगळी सजावट लागू व्हावी, हा त्याचा उद्देश. पण तो मोठ्या ब्राउझरांमध्ये उतरला नाही. त्यामुळे 'तुम्ही इथे आहात' हे सांगण्याची जबाबदारी आजही प्रत्येक वेबसाइट बनवणाऱ्यावर आहे आणि प्रत्येकाने ती आपापल्या परीने निभावली आहे.

नेटस्केपच्या 1996 मधल्या दुसऱ्या आवृत्तीने 'फ्रेम' आणल्या. डाव्या चौकटीत मेन्यू एकदाच उघडायचा आणि तिथेच राहायचा, पानं उजव्या चौकटीत बदलत राहायची. बेत सोयीचा होता. पण उजवीकडे काय चाललंय याचा डावीकडच्या मेन्यूला पत्ताच नसायचा, त्यामुळे खूण करायची तर वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागे. काही जण मेन्यूतला प्रत्येक शब्द चित्र म्हणून काढत: एक साधं चित्र, एक माऊस वर आल्यावरचं आणि एक 'सध्याच्या पानाचं'. आठ शब्दांच्या मेन्यूला चोवीस चित्रं. एका शब्दाची जोडणी बदलली की सगळा खेळ पुन्हा.

त्याच सुमारास ॲमेझॉनने पानाच्या वर फायलींच्या कडांसारखे टॅब लावले. पुस्तकांच्या टॅबचा रंग खालच्या पट्टीच्या रंगात मिसळून जायचा, जणू तो कप्पा पुढे ओढून ठेवलाय. क्रग यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. पुढे विभाग वाढत गेले, टॅबच्या दोन ओळी झाल्या आणि ती रचना ॲमेझॉनला सोडून द्यावी लागली. 2003 मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' या वेब-मासिकात डग्लस बोमन यांनी असे टॅब सीएसएसने कसे करायचे ते दाखवलं. साधी यादी घ्यायची, तिच्यातल्या एका ओळीला 'करंट' असं नाव द्यायचं आणि सजावट त्या नावावर टांगायची. आणखी एक युक्ती त्या काळात रूढ झाली. प्रत्येक पानाच्या मुख्य भागालाच एक नाव द्यायचं, आणि 'योजना नावाच्या पानात योजना नावाची लिंक दिसली तर ती ठळक करा' अशी जोड सीएसएसमध्ये लिहायची. मेन्यू सगळ्या पानांवर अगदी एकसारखा राहिला तरी चालायचं. छोट्या, हाताने लिहिलेल्या साइटसाठी ही पद्धत आजही उत्तम आहे.

पानांची संख्या शेकड्यांत गेली की हे हाताने जमत नाही. मग कोडला निर्णय घ्यावा लागतो. तो सोपा वाटतो: आत्ताच्या पानाचा पत्ता घ्या, मेन्यूतल्या प्रत्येक लिंकच्या पत्त्याशी ताडून पाहा, जुळेल तिथे खूण करा. चुका होतात त्या याच टप्प्यावर.

पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ असली आणि लिंकमध्ये नसली, तर अक्षरशः ताडणाऱ्या कोडला ते दोन वेगळे पत्ते वाटतात आणि काहीच ठळक होत नाही. यावर उपाय म्हणून 'पत्त्याची सुरुवात जुळली तरी चालेल' असं ठरवलं, तर मुखपृष्ठाचा पत्ता म्हणजे नुसती एक तिरपी रेघ, आणि प्रत्येक पत्ता त्या रेघेनेच सुरू होतो. मग कुठल्याही पानावर गेलं तरी 'मुखपृष्ठ' ठळकच. अनेक वेबसाइटवर दोन शब्द एकदम उजळलेले दिसतात, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. रिॲक्ट या लायब्ररीसोबत वापरल्या जाणाऱ्या राउटरच्या 'नॅवलिंक' या घटकाला म्हणूनच 'एंड' नावाचा पर्याय दिलेला आहे: पत्ता शेवटपर्यंत जुळला तरच खूण करा.

पत्ते देवनागरीत असले की आणखी एक गाठ पडते. ब्राउझरच्या पट्टीत 'संपर्क' असं स्वच्छ दिसतं, पण आत तो पत्ता तसा राहत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं अशा तीन खुणांनी लिहिला जातो. 'संपर्क' या शब्दात स, अनुस्वार, प, र, हलन्त आणि क अशी सहा चिन्हं आहेत. म्हणजे 54 खुणांची एक लांबलचक माळ. मेन्यूत शब्द देवनागरीत लिहिलाय आणि पत्त्यातून ही माळ हाती येतेय, तर दोन्ही जुळणार कसे? आधी माळ सोडवून मूळ शब्द काढावा लागतो.

त्यापुढचा पेच खास मराठी आहे. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो आणि साध्या पाय मोडलेल्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकूनही लिहिता येतो. छापून पाहिलं तर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. मेन्यू एकाने टाइप केला आणि पानाचा पत्ता दुसऱ्याने, दोघांचे कीबोर्ड निराळे, तर खूण उमटत नाही आणि का उमटत नाही ते डोळ्यांनी दिसतही नाही. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धतही या दोन रूपांना एक करत नाही.

म्हणून शहाणपणाची वाट अशी की ताडणी पत्त्यांची करूच नये, पानांच्या ओळखीची करावी. वर्डप्रेसमध्ये 2010 पासून मेन्यूची जी व्यवस्था आहे ती पानाच्या क्रमांकावर चालते. पत्ता काहीही असो, पान क्रमांक अमुक उघडलंय आणि मेन्यूतली ही लिंक त्याच क्रमांकाची आहे, एवढं जुळलं की त्या लिंकला 'करंट-मेन्यू-आयटम' ही ओळख मिळते. तिच्यावरच्या पातळ्यांना 'पेरेंट' आणि 'ॲन्सेस्टर' अशा वेगळ्या ओळखी मिळतात, त्यामुळे पीक विम्याचं पान उघडलं तरी 'योजना' हा शब्द उजळतो. यातही एक जुनी खोड आहे. साइटवर लेखांखेरीज वेगळ्या प्रकारची पानं तयार केली, उदाहरणार्थ पुस्तकपरिचय किंवा कार्यक्रम, की त्या पानांवरही 'ब्लॉग' ही लिंक आपला विभाग म्हणून उजळू लागते. मराठी प्रकाशन संस्था आणि दिवाळी अंकांच्या कितीतरी साइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे हे तपासून पाहण्यासारखं आहे. खूण नसली तर वाचक शीर्षक वाचून मार्ग काढतो. चुकीची खूण मात्र त्याला ठामपणे भलतीकडे नेते.

खूण कशी करावी याचा एक नमुना मराठी वाचकांच्या रोजच्या पाहण्यात आहे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला आणि तो मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो. तिथे लेखाच्या तळाशी मार्गक्रमणाचे साचे असतात. सगळ्या 36 जिल्ह्यांची नावं असलेला एकच साचा प्रत्येक जिल्ह्याच्या लेखाखाली लावला, की साताऱ्याच्या लेखाखाली 'सातारा' तेवढं ठळक काळ्या अक्षरांत दिसतं आणि बाकीची नावं निळी लिंक म्हणून राहतात. साचा तोच, पण सोलापूरच्या लेखाखाली 'सोलापूर' ठळक. कोणी काही वेगळं लिहिलेलं नसतं. पान स्वतःकडेच लिंक देत असेल तर ती लिंक काढून ठळक अक्षर ठेवायचं, हा नियम सॉफ्टवेअरमध्येच रुजवलेला आहे.

सध्याच्या पानाची लिंक चालू ठेवावी की काढावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2003 मध्ये मुखपृष्ठांवरच्या दोषांची यादी केली, तेव्हा मुखपृष्ठावरून मुखपृष्ठाकडेच नेणारी चालू लिंक त्यात होती. दाबलं आणि पुन्हा तेच पान उघडलं, तर वाचकाचा गोंधळ उडतो. विकिपीडियाच्या तळाच्या यादीत हा न्याय चोख बसतो. मुख्य मेन्यूत मात्र लिंक राहू देणं बरं. वाचक 'योजना' विभागातल्या चौथ्या पानावर असेल, तर त्याला विभागाच्या पहिल्या पानावर परतायची वाट तीच असते.

आता दुसरी अट, ही खूण सर्वांपर्यंत पोचण्याची. लाल-हिरवा फरक नीट न दिसणारे पुरुष स्त्रियांपेक्षा बरेच जास्त असतात, कारण त्यामागची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांना ते एकच मिळतं. हिरव्या पट्टीतला एक शब्द फक्त तांबडा केला, तर त्यांच्यासाठी खूण झालीच नाही. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अगदी प्राथमिक पातळीवर सांगितलंय की कोणतीही माहिती केवळ रंगातून देऊ नये. विंडोजमध्ये जास्त फरकाचे रंग लावून वाचणाऱ्यांच्या पडद्यावर तर वेबसाइटने दिलेले पार्श्वरंग आणि सावल्या पुसल्या जातात, कडेची रेघ तेवढी टिकते. म्हणून रंगाच्या जोडीला रेघ असलेली बरी.

ज्यांना पडदा दिसतच नाही, ते एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरकडून पान ऐकतात. ठळक अक्षर आणि खालची रेघ ऐकू येत नाही. त्यांच्या कानी सहा लिंका सारख्याच पडतात. यासाठी 'एरिया-करंट' नावाची खूण आहे. ती 2017 च्या डिसेंबरमध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या अधिकृत शिफारशीत आली. लिंकला ती लावून तिचं मूल्य 'पेज' ठेवलं, की स्क्रीन रीडर लिंकच्या नावासोबत हे सध्याचं पान आहे असंही सांगतो. मूल्यं आणखीही आहेत: फॉर्मच्या टप्प्यासाठी 'स्टेप', दिनदर्शिकेतल्या आजच्या तारखेसाठी 'डेट', ठिकाणासाठी 'लोकेशन', वेळेसाठी 'टाइम'. यातली सर्वांत देखणी गोष्ट अशी की सीएसएस याच खुणेला धरून सजावट करू शकतं. मग वेगळा 'ॲक्टिव्ह' वर्ग लावायची गरजच उरत नाही. कानासाठीची खूण लावायला विसरलात तर डोळ्यांसाठीचीही उमटत नाही, त्यामुळे चूक लगेच लक्षात येते.

देवनागरीत खूण करताना अक्षरांकडेही पाहावं लागतं. इंग्रजी शब्दाखाली रेघ मारली तर ती फारशी कशाला आडवी येत नाही. 'गुंतवणूक' किंवा 'पुरस्कृत' या शब्दांखाली तीच रेघ मारली, की उकार, ऊकार आणि ऋकार तिच्यात अडकतात. ब्राउझर अक्षराला छेद जाईल तिथे रेघ तोडतो, पण मग ती तुकड्या-तुकड्यांची दिसते. रेघ अक्षरांपासून थोडी खाली ढकलणं किंवा शब्दाच्या चौकटीला खालून कड देणं, हा साधा उपाय. ठळक करण्यातही धोका आहे: मेन्यूच्या छोट्या आकारात 'क्ष', 'द्ध', 'ष्ट्र' अशा जोडाक्षरांच्या पोकळ्या जाड वळणांनी भरून जातात. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या मुक्ता या फॉण्टमध्ये साध्यापासून जाडपर्यंत अनेक पायऱ्या आहेत. मेन्यूसाठी त्यातली मधली पायरी पुरते. ठळक झालेला शब्द रुंद होतो आणि शेजारचे शब्द बाजूला सरकतात, तेही टाळायला हवं. त्यासाठी प्रत्येक शब्दाला आधीपासूनच ठळक रूपाएवढी जागा राखून ठेवतात.

फोनवर तर अडचण मुळातच वेगळी. तीन आडव्या रेघांमागे मेन्यू लपवला, की ठळक शब्दही त्याच्यासोबत लपला. फोनवरच्या वाचकासाठी शीर्षकाच्या वर विभागाचं नाव किंवा 'मुखपृष्ठ, योजना, पीक विमा' अशी पायवाट दिलीच पाहिजे. ॲपमध्ये तळाला चार-पाच चिन्हं असतात. तिथे निवडलेलं चिन्ह भरीव आणि बाकीची पोकळ, ही रीत चांगली रुळली आहे, आणि ती रंगावर अवलंबून नाही.

लांबलचक एकाच पानावर हीच खूण वाचकासोबत सरकते. विकिपीडियाच्या नव्या रूपात, जे इंग्रजी विकिपीडियावर जानेवारी 2023 मध्ये आलं, डावीकडची अनुक्रमणिका स्थिर राहते आणि आपण वाचत असलेल्या विभागाचं नाव तिच्यात ठळक होत जातं. पडद्यावर कोणता विभाग आलाय हे ब्राउझरच कळवतो, त्यामुळे दर क्षणाला मोजमाप करावं लागत नाही. शेवटचा विभाग दोन ओळींचा असेल तर तो वरपर्यंत कधी पोचतच नाही आणि त्याचं नाव ठळक होत नाही. पानाचा तळ आला की शेवटचं नाव उजळवायचं, असा अपवाद वेगळा लिहावा लागतो.

सर्वांत जास्त काळजी ऑनलाइन अर्जात घ्यायला हवी. वैयक्तिक माहिती, बँक खातं, कागदपत्रं, घोषणापत्र अशा टप्प्यांच्या पट्टीत झालेला टप्पा आणि चालू टप्पा बऱ्याचदा एकाच हिरव्या रंगात दाखवतात. इंटरनेट मध्येच तुटलं आणि पान पुन्हा उघडलं, तर कागदपत्रं चढली की चढायची आहेत, हे अर्जदाराला त्या पट्टीवरून कळत नाही. झालेल्या टप्प्यावर बरोबरची खूण, चालू टप्प्याभोवती जाड चौकट आणि कोडमध्ये 'स्टेप' हे मूल्य, एवढं केलं की पाहणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळतं की अर्ज कुठपर्यंत आलाय आणि पुढे काय जोडायचंय.